पाच नंबरबाबत

यंदाचा मे महिना आला तसा गेला, आणि माझ्या टेबलावर फुटबॉलचा एकही कागद आला नाही. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. गोल झाला की लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, एवढंच माझं ज्ञान. पण एकतीस मेला संध्याकाळी शटर ओढताना मी दोनदा रस्त्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःलाच म्हटलं, अगं, शरफूभाई हिवाळ्यातच गेले ना.

महाडच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये मी सव्वीस वर्षं टायपिंग करते. प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचा अर्ज, हद्दीची हरकत, कुलमुखत्यारपत्र, जे सांगाल ते. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते, वकील मंडळी गावाला जातात, पक्षकारांना आंबे आणि लग्नं सुचतात, आणि मी पंख्याखाली माशा मारत बसते. अशाच एका दुपारी शरफूभाई पहिल्यांदा आले. पूर्ण नाव शरफुद्दीन. उंच, काटकुळे, आणि अंगात इतका पांढरा शर्ट की मी आधी शर्टच पाहिला. हायवेचं काम निघाल्यापासून आमच्या गावात पांढरं कापड आठवडाभरही पांढरं राहत नाही.

खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले, मेंदी वाळवत बसल्यासारखे. मग विचारलं, "इंग्लिश टायपिंग होतं ना, ताई?"

होतं म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. आखाती देशातल्या एका फुटबॉल क्लबला पत्र पाठवायचं होतं. पगारी खेळाडूंचा मोठा क्लब, स्वतःचं स्टेडियम, स्वतःची बस. त्यांचा सीझन नुकताच संपला होता आणि टीम आठव्या नंबरवर राहिली होती. कोणाला ठेवावं, कोणाला सोडावं आणि नवीन कोण घ्यावं, हे शरफूभाईंना क्लबला कळवायचं होतं. मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. पण समोरच्याने काय लिहून घ्यावं यावर टायपिस्टने मत द्यायचं नसतं, नाहीतर माझं दुकान पहिल्या महिन्यातच बंद झालं असतं.

अडचण माझ्या बाजूनेच होती. मला इंग्रजी येतं ते फक्त कोर्टाचं. त्यामुळे त्या फुटबॉलच्या कागदाची सुरुवात झाली ती नाव, वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता घालून, आणि मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की अशी. पुढे कलमं. गोलकीपर बरा आहे, परंतु डावीकडे झेप घेण्यास कचरतो, सबब दुसरा गोलकीपर घेणे न्यायाचे होईल. डाव्या बाजूचा बचाव करणारा खेळाडू थकलेला आहे. अमुक नंबरला विश्रांती द्यावी. तमुक नंबरला कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. शेवटी, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर असून त्याखाली मी सही केली आहे. मी वाचून अर्थ सांगितला तेव्हा ते शेवटचं वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं.

"हे चांगलं हाय," म्हणाले. "बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलं पायजे."

मग म्हणाले, अजून एक कलम राहिलं. ते मात्र वहीत नव्हतं, तोंडपाठ होतं. मी ते टाइप केलं ते असं: पाच नंबरच्या खेळाडूबाबत मी पूर्वी दिलेली माहिती चुकीची होती, ती रद्द समजावी. टीममध्ये सध्या पाच नंबर कोण आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता कोणी का असेना, हे त्याच्याबद्दल नाही. मी पुढे विचारलं नाही.

पत्र माझ्याच ईमेलवरून गेलं. मिनिटभरात उत्तर आलं की आपला संदेश मिळाला, आभारी आहोत. हे माणसाने पाठवलेलं नाही, मशीन सगळ्यांनाच पाठवतं, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, मशीनची का असेना, पोच आहे ना. त्याची प्रिंट काढून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. आमच्या धंद्यात अर्ज मंजूर होवो न होवो, पोच मात्र सोडायची नसते, त्यामुळे मी वाद घातला नाही. नंतर पुढची सहा वर्षं दर मेमध्ये हेच झालं. क्लबकडून दुसरं काही कधी आलं नाही.

हे गृहस्थ कोण, ते मला हळूहळू कळत गेलं. त्या क्लबात ते बावीस वर्षं होते. खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही. ते कपडे धुवायचे. मॅच संपली की पंचवीस जणांचे कपडे त्यांच्याकडे यायचे आणि ते मशिनीत टाकण्याआधी एकेक उलगडून पाहायचे, कारण गवताचा डाग, मातीचा डाग आणि रक्ताचा डाग यांना वेगवेगळं काहीतरी लावावं लागतं. डाग बघता बघता त्यांना खेळाडू कळायला लागले. कोण उजव्या अंगावरच पडतो, कोणाला मागून ओढतात, कोण शेवटची दहा मिनिटं नुसता उभा असतो. एका वर्षी सीझन संपल्यावर क्लबचा मॅनेजर लाँड्रीत आला आणि त्याने गमतीत विचारलं, शरफ, तू सांग, कोणाला ठेवू. शरफूभाईंनी सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. तेव्हापासून दर मेमध्ये मॅनेजर लाँड्रीत येऊन स्टुलावर बसायचा. बाहेर काचेच्या खोलीत मोठे लोक मोठ्या पगारावर जे ठरवायचे, ते तो इथे येऊन ताडून पाहायचा.

"मळ खोटं बोलत नाय," हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. आमच्या शेडमध्ये बसून ते त्याचे प्रयोग करायचे. एका वकिलांचा काळा कोट पाहून म्हणाले, या साहेबांना कोर्टात उभं राहायचा योग येत नाही, कोट फक्त मागून झिजलाय. ते इतकं खरं होतं की मला हसू लपवायला ड्रॉवर उघडावा लागला. माझ्या साडीवरून त्यांनी माझा साबण ओळखला आणि सोडा कमी टाका म्हणून सांगितलं. एकदा माझ्या पदराचं टोक कडक झालेलं पाहून घरी सगळं बरं आहे ना, एवढंच विचारलं. आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं.

त्यांचे स्वतःचे हात मात्र बघवत नसत. बावीस वर्षांच्या ब्लीचने तळव्यांना भेगा पडल्या होत्या, बोटांची पेरं सोललेली. चहाचा ग्लास रुमालात धरायचे. कोणी हात मिळवायला पुढे केला तर छातीवर हात ठेवून मान लववायचे. लोकांना वाटायचं, गडी मोठा अदबीचा आहे.

घर त्यांचं सावित्रीकडे उतरणाऱ्या गल्लीत, दोन मजली. वरच्या पाच खोल्या दोन मुलांसाठी आणि येणाऱ्या नातवंडांसाठी बांधलेल्या. मुलं आखातातच राहिली, नातवंडं तिथेच जन्मली, आणि बायको जुबेदा हे परत आल्यावर वर्षभरात गेली. मी एकदा कागदावर सही घ्यायला गेले तो शुक्रवार होता. भाई नमाजहून येऊन वरच्या खोल्यांतल्या पलंगांच्या चादरी काढत होते. दर शुक्रवारी सगळ्या चादरी निघायच्या, धुतल्या जायच्या, वाळून परत अंथरल्या जायच्या. या चादरींवर झोपतं कोण, असं मी विचारलं.

"कोन नाय," म्हणाले. "कापड वापरलं नाय तरी मळतं, ताई."

मॅचेस ते मोबाइलवर पाहायचे. शिट्टी वाजली की चित्र थांबवायचे आणि बोटांनी मोठं करून शर्ट पाहायचे. त्यात काही दिसायचं नाही, नुसते रंगाचे चौकोन. तरी वहीत लिहायचे. आता ते डागांवरून कमी आणि अंदाजाने जास्त बोलतात हे मलासुद्धा समजत होतं. पण सात-आठ महिने एका माणसाने एका टीमकडे इतकं लक्ष द्यावं आणि त्या टीमला तो असल्याचाही पत्ता नसावा, याचं मला कधी कधी फार वाईट वाटे. मग मी कलमं जरा जास्त जोरकस करायचे.

पोलादपूरचा किस्सा सांगायलाच हवा. माझं माहेर आंबेनळीच्या रस्त्याला, घाट चढायच्या आधी डावीकडे आत. माझा भाऊ दिनकर तिथल्या कबड्डी मंडळाचा सर्वेसर्वा. त्या वर्षी त्यांचा संघ पहिल्याच फेरीत आपटला होता आणि पुढच्या वर्षासाठी कोणाला ठेवायचं, कोणाला बसवायचं यावर गावात दोन तट पडले होते. मी शहाणपणा करून शरफूभाईंबद्दल बोलले. दिनकर म्हणाला, घेऊन ये त्यांना. भाईंनी एकच अट घातली, शेवटच्या सामन्याचे कपडे न धुता ठेवायचे.

आम्ही एसटीने पोहोचलो तेव्हा सगळे कपडे दोरीवर लखलखत वाळत होते. परका माणूस येणार म्हटल्यावर घरोघरच्या आयांनी रात्रीचे भिजवून घासून काढले होते, घाणेरडे कपडे पाहुण्याला कसे दाखवायचे म्हणून. दिनकरने डोक्याला हात लावला. शेवटी भर उन्हात खास भाईंसाठी एक सामना झाला आणि सगळ्यांचे कपडे शाळेच्या ओट्यावर मांडले. भाईंनी एकेक उचलला. हा एकाच खांद्यावर पडतो, दुसरा खांदा याला दुखतोय. हा ओढत नाही, ओढला जातो. याची चड्डी बघा, हा पाय धरायला खरोखर वाकतो, याला सोडू नका. खांदा दुखणाऱ्याने ते तिथल्या तिथे कबूल केलं. बायका ओट्याभोवती जमल्या, माणसं खूश झाली.

शेवटचे कपडे महादूचे होते. महादू संघाचा जुना खेळाडू, पस्तिशीला आलेला. त्याचे कपडे सगळ्यांत स्वच्छ होते. अर्ध्या गावाला त्यालाच बसवायचं होतं आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तो कडेला उभा राहून जमिनीकडे बघत होता. दिनकर म्हणाला, "मग भाई, याला बसवायचा ना?"

शरफूभाईंनी तो सदरा हातात धरला तो धरलाच. मग सदऱ्याची व्यवस्थित घडी केली, महादूपाशी जाऊन त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "याचं मी बोलनार नाय. याला इचारा. कापडाला नका इचारू."

दिनकरचा हिरमोड झाला. येताना आम्हाला फणस दिला, पण फुगलेल्या तोंडाने दिला. एसटीत भाई तो फणस मांडीवर घेऊन बसले होते. मीच छेडलं, तुम्हीच म्हणता ना, मळ खोटं बोलत नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, मळ असला तर तो खरा, पण नसला तर का नाही, हे कापडाला ठाऊक नसतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सावित्री गावात आली. पूर आम्हाला नवा नाही, पण त्या वेळी माझ्या शेडमधला कॉम्प्युटर चिखलाखालून काढावा लागला, आणि घरात कपाटापर्यंत गाळ. भाईंचा खालचा मजला गेला, वरचा कोरडा राहिला. त्यांनी पाचही खोल्यांची कुलपं काढली आणि गल्लीला हाक दिली. मी आणि माझी मुलगी तिथे नऊ दिवस होतो. आणखी चार कुटुंबं होती, हिंदू होती, मुसलमान होती, एक म्हातारी आणि तिची शेळीसुद्धा होती. सांगायला संकोच वाटतो, पण त्या नऊ दिवसांत शरफूभाईंना मी जेवढं आनंदात पाहिलं तेवढं आधीही नाही आणि नंतरही नाही. चादरींवर माणसं झोपत होती.

खाली अंगणात त्यांनी सगळ्या गल्लीचे चिखलातले कपडे धुवायला घेतले. बायकांना ओरडून सांगत, ओल्यात चोळू नका, आधी वाळू द्या, झटका, मग गार पाणी, साबण सगळ्यात शेवटी. माझा लग्नातला शालू मी फेकायला काढला होता. तो त्यांनी तीन दिवस घेतला आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात दिला. मी शालू बघायच्या ऐवजी टबाकडे बघत राहिले, कारण टबातलं पाणी लालसर झालं होतं. त्यांच्या हातांच्या सगळ्या भेगा उकलल्या होत्या. मी चिडले. हातमोजे घालायला काय होतं, असं ताडकन बोलले. ते पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर उताणे ठेवले, आणि म्हणाले, या हातांपायी मी एकाचं वाटोळं केलंय. मग त्यांनी पाच नंबरचं सांगितलं.

पाच नंबर म्हणजे इद्रिस, टीमचा कॅप्टन. सुदानकडचा, बचाव फळीत खेळायचा. क्लबात जो एकच माणूस लाँड्रीच्या दारातून आत येऊन सलाम करायचा तो हा. एका सीझनला भाईंचे हात फारच बिघडले होते. त्याच सीझनला पाच नंबरचा शर्ट स्वच्छ यायला लागला. ओला असायचा, पण स्वच्छ. भाईंना वाटलं, उकाड्याने हा कपड्यांसकट शॉवरखाली उभा राहत असेल. पण डाग कुठे गेले? न मातीचा, न गवताचा. मे महिन्यात मॅनेजर स्टुलावर येऊन बसला, त्याने विचारलं, आणि यांनी सांगितलं की पाच नंबर आता जमिनीवर पडत नाही. मॅनेजर म्हणाला, मलाही तीच शंका होती. इद्रिसचा करार वाढवला नाही. तो जाताना लाँड्रीत येऊन गळ्यात पडला, आणि भाईंना त्याच्याकडे नीट बघवलं नाही.

पुढच्या सीझनला साफसफाई करणाऱ्या एका मल्याळी माणसाने सहज बोलता बोलता सांगितलं, कॅप्टन गेला आणि शॉवरच्या जाळ्या तुंबायच्या थांबल्या. शरफच्या हातांना त्रास होतो म्हणून तो मॅच झाल्यावर खाली बसून स्वतःचा शर्ट नखांनी घासायचा. कोणाला सांगू नको म्हणायचा.

"त्याच्या सुट्टीला त्या जाळ्या मीच साफ करायचो, ताई," भाई म्हणाले. "शिव्या देऊन करायचो. माती तिथं होती, आन मी ती कापडावर शोधत होतो."

ते त्याच दिवशी मॅनेजरकडे गेले होते. मॅनेजर नवा होता, त्याला ना इद्रिस ठाऊक ना स्टूल. पुढे क्लबने धुलाई कंत्राटदाराला दिली आणि भाई महाडला परतले. ती दर वर्षीची पत्रं, गोलकीपर आणि डावी बाजू आणि नवे खेळाडू, सगळी त्या एका कलमासाठी होती. नुसतं ते कलम कोण वाचणार, म्हणून त्याच्या आधी टीमचं एवढं सगळं.

पाणी उतरलं, लोक आपापल्या घरी गेले. आम्ही निघालो त्या दिवशी भाई चादरी गोळा करत होते.

पुढच्या मेमध्ये ते आले तेव्हा नेहमीचं कलम टाइप करताना मी थांबले. मला वाटतं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी समोरच्याला सल्ला दिला. म्हटलं, भाई, ज्याच्याविरुद्ध तुम्ही बोललात त्यालाच कळवलं नाही तर या कागदाला काय अर्थ आहे? कोर्टातसुद्धा आधी समोरच्याला नोटीस जाते. ते म्हणाले, त्याला आता शोधायचा कुठं? हे त्यांच्या मनात आलं नव्हतं असं मला वाटत नाही. मनात येऊन त्यांनी ते बाजूला ठेवलं असावं.

माझी मुलगी तोवर पुण्यात नोकरीला लागली होती. तिने दहा मिनिटांत शोधून काढलं. इद्रिस आपल्या गावी मुलांना फुटबॉल शिकवतो, त्या शाळेच्या पानावर त्याचा फोन नंबर होता. फोटोत दाढी पांढरी झालेली. भाईंनी फोटो मोठा करून पाहिला, आणि मला कळलं की ते शर्ट बघतायत.

मी माझ्या मोबाइलवरून इंग्रजीत निरोप पाठवला. भाईंच्या समोर टाइप केला, पण त्यांना वाटलं तसा सगळा मजकूर त्यात नव्हता. मी लिहिलं की लाँड्रीतला शरफ आता महाडला असतो आणि तुमची आठवण काढतो. पुढचं लिहायला माझी बोटं उचललीच नाहीत. आधी ओळख तर पटू दे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाजातला निरोप आला. भाई शेडमध्ये आल्यावर मी लावला. घोगरा, हसरा आवाज, सुरुवातीलाच दोनदा शरफ, शरफ, आणि मग अरबीत एकच छोटं वाक्य. मला कळलं नाही. भाईंना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

"काय म्हणाला?"

"हात कसे हायेत, इचारतो."

मला भरून आलं. म्हटलं, बघा, त्याच्या मनात काही नाही. भाईंनी हळूच मान वर केली. "तुमी त्याला ते लिवलं नाय," म्हणाले. मी खाली बघितलं. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं, पण ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता लिवा."

मी खूप समजावलं. इतक्या वर्षांनी कशाला? माणूस सुखात आहे, तुमची चौकशी करतोय, तुम्हाला एवढं जिव्हाळ्याने विचारणारं दुसरं आहे कोण? हे शेवटचं मी बोलायला नको होतं. भाई शांतपणे म्हणाले, "म्हनूनच. मी कोन ते ठाऊक नसताना तो माजे हात इचारतो. ते मला नाय पचनार."

तुम्हीच बोलून पाठवा, अरबी तुम्हाला येतं, असं मी म्हटलं. तेही नको म्हणाले. बोलताना माणूस गोड बोलतो, कोर्टासारखं लिहून द्या. मग मी लिहिलं. नाव, वय, राहण्याचा पत्ता. अमुक सीझनच्या शेवटी मी मॅनेजरला आपल्याबाबत असे सांगितले. ते चुकीचे होते. आपण माझ्या हातांसाठी शर्ट घासत होता हे मला नंतर कळले. माझ्या सांगण्यामुळे आपला करार गेला. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. हात कसे आहेत याचं उत्तर लिहू का, असं मी विचारलं. नको म्हणाले.

निरोप गेला. दुपारी मोबाइलवर निरोपापुढच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

"वाचलं?"

"वाचलं."

उत्तर आलं नाही. भाई आठ दिवस रोज येत होते. काही विचारायचे नाहीत, बसायचे, रुमालात धरून चहा प्यायचे, मी मोबाइल उचलला की माझ्या तोंडाकडे बघायचे. नवव्या दिवशी आले नाहीत. मी सतरा वेळा मोबाइल उघडून पाहत होते, आणि त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात इतकं बोलत होते की विचारू नका. एक शब्द लिहायला काय जात होतं? मग वाटायचं, त्याने का लिहावं? त्याच्या पायाखालची जमीन ज्याने काढली त्याच्या हातांची काळजी तो इतकी वर्षं करत होता, हे त्याला त्या दुपारी कळलं. असं कळल्यावर मीही लिहिलं नसतं बहुतेक.

गेल्या मेमध्ये ते आले ते शेवटचे. बरेच खंगले होते, शर्ट मात्र तसाच पांढरा. वही काढली. टीम त्या वर्षी अकराव्या नंबरवर घसरली होती, त्यामुळे मजकूर भरपूर होता. गोलकीपर बदलावा. मधल्या फळीत दोन तरणे खेळाडू घ्यावेत. कॅप्टनला काढायचं असल्यास आधी त्याला समोर बसवून विचारावं, हे नवीन होतं. चौदा कलमं झाली. पंधराव्याचा आकडा माझ्या बोटांनी सवयीने टाकला आणि पाच नंबरच्या, इथपर्यंत मी लिहूनही टाकलं.

"ते नको," भाई म्हणाले. "ते पोचलं."

मी ते शब्द एकेक अक्षर करून पुसले. प्रिंट काढली, त्यांनी सही केली. ईमेल गेला, मशीनची पोच आली, तिची प्रिंट त्यांनी घडी करून खिशात ठेवली. ते उठायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. तो आवाजातला निरोप मी जपून ठेवला होता. म्हटलं, भाई, आपला कागद जायच्या आधी आलेला तो, एकदा लावू का, त्याने हात विचारलेलं?

ते दाराशी थांबले. क्षणभर मला वाटलं, हो म्हणतील.

"नको, ताई," म्हणाले. "ते त्याने कळायच्या आधी इचारलेलं."

मग रस्ता ओलांडून ते बाजाराच्या बाजूने चालत गेले. दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरलेले होते, धुणं आटोपून आलेला माणूस पुसायला काही मिळेपर्यंत धरतो तसे.